इमाम जाफर सादिक यांचा शजरा : भिंतीवरचा तक्ता कसा आहे, कुठे दुरुस्त करावा

मुंबईत महंमद अली रोड आणि भेंडी बाजारच्या धार्मिक पुस्तकांच्या दुकानांत शजऱ्याचे, म्हणजे वंशावळीचे, तक्ते मिळतात. त्यातलाच हा एक. आकार २४ बाय ३६ इंच, जाड आर्ट पेपर, पुढच्या बाजूला मॅट लॅमिनेशन, वर-खाली पत्र्याची पट्टी आणि टांगायला दोरी. किंमत साडेतीनशे रुपयांच्या आसपास. नावे नस्तालीक उर्दूत, त्याखाली बारीक देवनागरीत. मध्यभागी सोनेरी चौकटीत इमाम जाफर सादिक. त्यांच्या वर पूर्वज थेट अदनानपर्यंत, खाली मुले-नातवंडे. तळाला ‘हालात’ या मथळ्याखाली आयुष्यातल्या ठळक घटनांची पट्टी आणि कोपऱ्यात मदिनेच्या बकी कब्रस्तानाचे चित्र.

आधी निकाल सांगतो. वडिलांकडची ओळ या तक्त्यात जवळजवळ निर्दोष आहे. आईकडची ओळ मात्र एका नावावर संपवली आहे, आणि मुलांच्या पिढीत जिथे सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी होती तिथे घाई झाली आहे. जाफर सादिक यांच्या बाबतीत हे चालण्यासारखे नाही. शिया त्यांना इमाम मानतात आणि बारा इमामी शियांची शरियतच त्यांच्या नावाने ‘जाफरी’ म्हणून ओळखली जाते. सुन्नी त्यांना मदिनेतले थोर आलिम (धर्मपंडित) आणि विश्वासू रावी (हदीस सांगणारे) म्हणून मानतात, नक्शबंदी सूफी त्यांना आपल्या सिलसिल्यात (गुरुपरंपरेत) धरतात, आणि बोहरा, खोजा, इस्नाअशरी (बारा इमामी) या सगळ्यांच्या वाटा त्यांच्यापाशी एकत्र येऊन पुढे फुटतात. एवढ्या सगळ्यांना ते आपले का वाटतात, याचे निम्मे उत्तर त्यांच्या आजोळात आहे आणि उरलेले त्यांच्या मुलांमध्ये.

वरची ओळ बघू. जाफर सादिक यांचे वडील मुहम्मद बाकिर, आजोबा अली झैनुल आबिदीन, पणजोबा इमाम हुसैन, खापरपणजोबा हजरत अली आणि खापरपणजी हजरत फातिमा, प्रेषित मुहम्मद यांच्या कन्या. सनावळी बरोबर आहे : हजरत अली हि. स. (हिजरी सन) ४० (इ. स. ६६१), इमाम हुसैन करबला येथे १० मुहर्रम ६१ (इ. स. ६८०), झैनुल आबिदीन ९४ किंवा ९५, बाकिर ११४. जिथे परंपरेत दोन साले आहेत तिथे तक्त्याने दोन्ही छापली आहेत. स्वतः जाफर सादिक यांचे जन्मसालही ‘८० / ८३’ असेच दिले आहे. हा प्रामाणिकपणा कमी तक्त्यांत दिसतो. बरेच छापणारे एकच साल ठोकून देतात आणि मग दोन तक्ते शेजारी लावले की घरात वाद होतो.

प्रेषितांच्या वर अब्दुल्लाह, अब्दुल मुत्तलिब, हाशिम, अब्दे मनाफ, कुसै, किलाब, मुर्रा असे करत अदनानपर्यंत २१ नावे यायला हवीत आणि तेवढी आहेत. तक्ता अदनानपाशी थांबतो, तेही योग्य. अदनानच्या पुढे हजरत इस्माईलपर्यंतच्या नावांवर नसबकारांचे (वंशावळी लिहिणाऱ्यांचे) एकमत नाही. काही तक्ते तिथून सरळ हजरत आदमपर्यंत नावे रचत जातात. पाहायला भव्य वाटते, पण अदनानच्या वरचा भाग खालच्या भागाइतका भरवशाचा नाही हे त्यात कुठेच कळत नाही. एवढा एक निकष लावला तरी दुकानातले निम्मे तक्ते बाजूला पडतात.

एक चूक मात्र वरच्या भागातही आहे. हजरत अली आणि हजरत फातिमा शेजारी दाखवून मध्ये लग्नाची दुहेरी रेघ काढली आहे, ते छान. पण दोघांच्या ओळी वर जाताना अब्दुल मुत्तलिब दोनदा छापले आहेत, एकदा अबू तालिबच्या वर आणि एकदा अब्दुल्लाहच्या वर. माणूस एकच. हजरत अली हे प्रेषितांचे चुलतभाऊ, म्हणजे फातिमांच्या वडिलांच्या पिढीतले. त्यामुळे जाफर सादिक यांच्यापासून अबू तालिबच्या बाजूने मोजले तर अब्दुल मुत्तलिब सहाव्या पायरीवर येतात आणि फातिमांच्या बाजूने सातव्या. आखणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या पायऱ्या जुळवता आल्या नाहीत म्हणून त्याने चौकट दोनदा काढून वेळ मारून नेली. खरे तर अबू तालिबची रेघ एक घर लांब ओढली की काम झाले असते. दोनपैकी एक अब्दुल मुत्तलिब खोडून तिथून दुसऱ्याकडे आडवी रेघ काढावी.

झैनुल आबिदीन यांच्या चौकटीपाशी दोन गोष्टी नीट पाहाव्यात. इमाम हुसैन यांच्या मुलांत अली नावाचे तिघे सांगितले जातात : करबलेत लढताना शहीद झालेले अली अकबर, तिथेच शहीद झालेले तान्हे अली असगर, आणि आजारी असल्यामुळे लढाईत न उतरलेले, म्हणून वाचलेले अली, म्हणजेच झैनुल आबिदीन. यांनाच सज्जाद म्हणतात. या तक्त्यात तिघे वेगवेगळे दाखवले आहेत, पण ‘सज्जाद’ असे लिहिलेली चौथी चौकटही आहे आणि तिला खाली कोणी नाही. कुन्यत (‘अमक्याचे वडील’ अशा धर्तीचे नाव) आणि लकब (उपाधी) यांची स्वतंत्र माणसे करून टाकणे ही शजऱ्यांतली सर्वांत सामान्य चूक आहे. खाली तेच झाले आहे : ‘अबू अब्दुल्लाह’ ही खुद्द जाफर सादिक यांची कुन्यत, ती हुसैन यांचीही आहे, आणि तक्त्याने हालातच्या पट्टीत ती अशी वापरली आहे की वाचणाऱ्याला तिसराच कोणी वाटावा.

दुसरी गोष्ट झैनुल आबिदीन यांच्या आईची. तक्त्यात शहरबानू, इराणच्या यझ्दगर्द तिसऱ्याची मुलगी, असे ठामपणे लिहिले आहे. ही परंपरा जुनी आहे, लोकांच्या मनात खोल रुजलेली आहे, मरसिये-नौह्यांतून ती आपल्याकडेही घरोघरी पोचली आहे. पण सुरुवातीच्या चरित्रकारांत गझाला किंवा सुलाफा नावाच्या दासीचा उल्लेख येतो, त्यातल्या काहींनी ती सिंधची असल्याचेही नोंदले आहे, आणि इतिहासाचे अभ्यासक राजकन्येच्या कथेबद्दल साशंक आहेत. झैनुल आबिदीन आणि सादिक यांची साले जशी दोन-दोन दिली तसेच इथे ‘परंपरेनुसार’ हा एक शब्द पुरला असता.

बाकिर यांची आई तर गाळलीच आहे. त्या फातिमा, इमाम हसन यांच्या कन्या. म्हणजे मुहम्मद बाकिर यांच्यात हसनी आणि हुसैनी अशी दोन्ही रक्ते पहिल्यांदा एकत्र आली. तक्त्यात इमाम हसन यांची चौकट हुसैन यांच्या शेजारी आहे, तिच्यापासून बाकिर यांच्यापर्यंत एक तिरपी रेघ काढायला भरपूर जागाही आहे. ती काढावी.

आता उम्मे फरवा. तक्त्यात जाफर सादिक यांच्या चौकटीला उजवीकडे एक छोटा गुलाबी गोल जोडला आहे, त्यात ‘वालिदा : उम्मे फरवा’, आणि बस. खरे तर या गोलापासून वर एक आख्खी शाखा जायला हवी. उम्मे फरवा यांचे वडील कासिम बिन मुहम्मद बिन अबू बक्र (‘बिन’ म्हणजे मुलगा, ‘बिन्ते’ म्हणजे मुलगी). आई अस्मा बिन्ते अब्दुर्रहमान बिन अबू बक्र. म्हणजे उम्मे फरवांचे आई-वडील चुलत भावंडे आणि पहिले खलिफा हजरत अबू बक्र हे दोघांचेही आजोबा. म्हणून जाफर सादिक यांच्या नावावर सुन्नी परंपरेत ‘अबू बक्र यांनी मला दोनदा जन्म दिला’ हे वचन येते.

कासिम हे साधे नाव नाही. मदिनेच्या ज्या सात फकीहांचा (धर्मशास्त्रज्ञांचा) शरियतच्या इतिहासात नेहमी एकत्र उल्लेख होतो, त्यांतले ते एक. वडील लवकर गेल्यावर ते आत्या हजरत आयेशा यांच्या घरी वाढले. आणि त्यांचे वडील मुहम्मद बिन अबू बक्र यांची गोष्ट तर याहून उलगडून सांगण्यासारखी आहे. त्यांची आई अस्मा बिन्ते उमैस. पहिला निकाह हजरत अली यांचे बंधू जाफर तय्यार यांच्याशी झाला, ते हि. स. ८ मध्ये मुताच्या लढाईत शहीद झाले. मग अबू बक्र. त्यांच्या निधनानंतर हजरत अली. त्यामुळे मुहम्मद बिन अबू बक्र लहानाचे मोठे झाले ते अलींच्या घरात, पुढे अलींनीच त्यांना इजिप्तचा सुभेदार नेमले आणि हि. स. ३८ (इ. स. ६५८) मध्ये तिथेच ते मारले गेले. नंतरच्या काळात दोन टोकांना ओढली गेलेली घराणी पहिल्या दोन पिढ्यांत एकाच अंगणात वावरत होती, हे या एका शाखेतून दिसते. ती शाखा छापली नाही तर तक्ता चुकीचा ठरत नाही, अपुरा मात्र नक्की ठरतो.

ही शाखा हाताने भरायची असेल तर पायऱ्या सोप्या आहेत, कारण इथे दोन्ही बाजू अगदी समपातळीवर बसतात. जाफर सादिक यांच्या वरच्या ओळीत, बाकिर यांच्या शेजारी, उम्मे फरवा. त्याच्या वर, झैनुल आबिदीन यांच्या ओळीत, कासिम आणि अस्मा बिन्ते अब्दुर्रहमान, मध्ये दुहेरी रेघ. त्याच्या वर, हुसैन यांच्या ओळीत, मुहम्मद आणि अब्दुर्रहमान. त्याच्या वर, हजरत अलींच्या ओळीत, हजरत अबू बक्र. अली आणि अबू बक्र दोघेही खापरपणजोबा, एक वडिलांकडून, एक आईकडून. अबू बक्र यांच्या वर उस्मान (म्हणजे अबू कुहाफा), आमिर, अम्र, कअब, सअद, तैम आणि मुर्रा अशी सात नावे. मुर्रा हे प्रेषितांपासून वर मोजतानाही सातवेच. डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ तिथे एका चौकटीत मिळते. मात्र डाव्या ओळीत मुर्राच्या वर आणखी एक कअब आहेत, उजवीकडचे कअब वेगळे. दोन्ही ओळींतल्या सारख्या नावांना एकच समजून रेघ जोडू नये.

अस्मांच्या बाबतीतही हाच सापळा. अस्मा बिन्ते उमैस, अबू बक्र यांच्या कन्या अस्मा आणि उम्मे फरवांच्या आई अस्मा बिन्ते अब्दुर्रहमान या तिघी वेगळ्या. नुसते ‘अस्मा’ लिहिलेला तक्ता घेऊच नये. वडिलांचे नाव प्रत्येक चौकटीत हवे.

छपाई आणि अक्षर. तक्ता दुरून देखणा आहे, पण चौथ्या पिढीच्या खाली नस्तालीक इतके बारीक झाले आहे की शाई भरली आहे. हे केवळ दिसण्याचे दुखणे नाही. उर्दूत ‘हसन’ आणि ‘हुसैन’ यांच्यात फरक एका शोशाचा, म्हणजे छोट्या दात्याचा, आणि त्याखालच्या दोन नुक्त्यांचा. ‘झैद’च्या आधी तसाच एक शोशा आणि दोन नुक्ते लागले की ‘यझीद’ होतो. या तक्त्यात हसन बिन झैद यांचे नाव आहे. हे इमाम हसन यांचे नातू आणि काहिरात दफन असलेल्या सय्यिदा नफीसा यांचे वडील. पण झैदच्या अक्षराला लागून वेलबुट्टीचा ठिपका आला आहे, आणि घाईने वाचणाऱ्याला तिथे भलतेच नाव दिसते. अहले बैतच्या (प्रेषितांच्या घराण्याच्या) शजऱ्यात अशी गफलत कोणालाही खपणार नाही. खालची देवनागरी वाचली तर खुलासा होतो, म्हणून दोन लिप्यांचा तक्ता घेणे शहाणपणाचे. घेताना भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा वापरून तीन ठिकाणे पाहावीत : हसन-हुसैन जिथे लागोपाठ येतात ते, झैद जिथे जिथे आहे ते, आणि ‘बिन’ व ‘बिन्ते’ यांच्यातला फरक. ‘बिन्ते’ची शेवटची खूण पुसली गेली की मुलीचा मुलगा होतो.

सनांचे रूपांतर बहुतेक ठिकाणी बरोबर आहे, एका ठिकाणी नाही. हालातच्या पट्टीत वफातीचे (मृत्यूचे) साल ‘१४८ हि. / ७७० ई.’ असे छापले आहे. छापणाऱ्याने १४८ मध्ये सरळ ६२२ मिळवले. हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे दर ३३ वर्षांमागे एक वर्षाची वजाबाकी करावी लागते. १४८ ला ३३ ने भागले की साडेचार, १४८ मधून ते वजा करून ६२२ मिळवले की ७६५. तेच बरोबर साल. हा हिशेब एखाद्या वर्षाने पुढे-मागे होऊ शकतो, पण पाच वर्षांची चूक लगेच पकडतो. कुठलाही शजरा तपासताना चार-पाच सनांवर हा हिशेब करून पाहावा.

हालातची पट्टी तक्त्याच्या मानाने चांगली लिहिली आहे. इ. स. ७४० मध्ये काका झैद बिन अली यांचा कूफ्यातला उठाव, ज्यांच्यावरून झैदी पंथाचे नाव पडले. ७५० मध्ये उमय्या घराणे पडून अब्बासी सत्तेवर. त्या धामधुमीत अब्बासी चळवळीतल्या अबू सलमाने जाफर सादिक यांना खिलाफतीचा प्रस्ताव देणारे पत्र पाठवले आणि त्यांनी ते दिव्यावर धरून जाळले, ही प्रसिद्ध हकीकतही आहे. ७६२ मध्ये चुलत घराण्यातले मुहम्मद नफ्से झकिया मदिनेत उठले, मारले गेले, जाफर सादिक त्यात उतरले नाहीत. त्याच वर्षी खलिफा मन्सूरने बगदादची पायाभरणी केली. या घटना ओळीने वाचल्या की त्यांच्या आयुष्याचा कणा दिसतो : चहूकडे तलवारी उपसलेल्या असताना मदिनेत बसून शिकवणे. अबू हनीफा आणि मालिक बिन अनस या दोघांनीही त्यांच्याकडून हदीस घेतली, म्हणजे सुन्नींच्या चार मझहबांपैकी दोघांचे प्रवर्तक त्यांच्या दरसशी जोडलेले. रसायनविद्येतल्या जाबिर बिन हय्यानलाही तक्त्याने शागिर्दांच्या यादीत पहिल्या रांगेत बसवले आहे. ती परंपरा आहे, पण वादातली. तिथे हिशाम बिन हकम किंवा झुरारा बिन अअयन यांची नावे हवी होती, जाफरी शरियत आणि कलाम (धर्मतत्त्वचर्चा) पुढे नेणारे तेच.

पट्टीत २२ रज्जब ही तारीख ‘विलादत’ (जन्म) म्हणून दिली आहे, ती चूक. शिया परंपरेत जन्मतिथी १७ रबीउल अव्वल, जी त्यांच्याकडे प्रेषितांचीही जन्मतिथी आहे, आणि वफात शव्वालमध्ये, बहुतेक ठिकाणी २५ शव्वालला पाळली जाते. २२ रज्जब ही कुंड्यांची तारीख. उत्तर हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत आणि मुंबईतही या दिवशी इमामांच्या नावे मातीच्या कुंड्यांत पुरी-खीर भरून नियाज (इमामांच्या नावाने खाऊ घालणे) होते, लाकूडतोड्याची गोष्ट वाचली जाते. प्रथा खरी, मनापासून पाळली जाणारी. पण ती ना जन्माची तारीख आहे ना मृत्यूची, आणि तक्त्यावर ती छापायची तर ‘नियाज’ म्हणूनच छापावी.

आता खालचा भाग, जिथे सर्वाधिक नीट पाहावे लागते. जाफर सादिक यांना दहा अपत्ये सांगितली जातात, सात मुलगे आणि तीन मुली. इस्माईल, अब्दुल्लाह अफतह आणि उम्मे फरवा (आजीच्याच नावाची मुलगी) ही इमाम हसन यांच्या नात फातिमा यांच्या पोटची. मूसा काझिम, इसहाक आणि मुहम्मद दीबाज हे हमीदा यांचे. अब्बास, अली उरैझी, अस्मा आणि फातिमा ही इतर मातांची. तक्त्यात सात मुलगे आहेत, मुली एकही नाही, आणि माता तर पूर्णच गाळल्या आहेत. इस्माईल आणि मूसा यांच्या माता वेगळ्या, हे कळल्याशिवाय पुढचा फाटा नीट समजत नाही. इस्माईल थोरले आणि आईकडूनही हसनी, मूसा त्यांच्यापेक्षा बरेच लहान, हि. स. १२८ चे, मक्का-मदिनेच्या दरम्यान अबवा इथे जन्मलेले.

इस्माईल वडिलांच्या हयातीतच वारले असे बारा इमामी परंपरा आणि बहुतेक इतिहासकार सांगतात. इस्माइली परंपरेत इमामत त्यांच्याकडे आणि तिथून त्यांचे पुत्र मुहम्मद बिन इस्माईल यांच्याकडे गेली. वडिलांनंतर काही लोक अब्दुल्लाह अफतह यांच्यामागे गेले, पण ते सुमारे ७० दिवसांतच निपुत्रिक वारले आणि त्यांचे बहुतेक अनुयायी मूसांकडे वळले. शिया हदीसांत एक हकीकत येते. खलिफा मन्सूरने मदिनेला फर्मान पाठवले की जाफर यांनी एकच वारस नेमला असेल तर त्याची मान उडवा. मृत्युपत्र उघडले तर त्यात पाच नावे निघाली : खुद्द मन्सूर, मदिनेचा सुभेदार, अब्दुल्लाह, मूसा आणि हमीदा. उत्तराधिकार उघड सांगणे किती जोखमीचे होते आणि म्हणून वारशाबद्दल मते का फुटली, ते या एका हकीकतीत कळते. हालातच्या पट्टीत ही हवी होती.

तक्त्यात या फाट्यावर एक मोठा घोळ आहे तो क्रमांकांचा. जाफर सादिक यांच्या चौकटीत ‘६’ आणि खाली मूसा ‘७’. बारा इमामी हिशेबाने ते बरोबर. पण इस्माईल यांच्या चौकटीतही ‘७’ छापला आहे, तो कोणाच्याच हिशेबाने बसत नाही. बोहरा परंपरेत हजरत अली हे ‘असास’, इमामांच्या मोजणीच्या वरचे. पहिले इमाम हसन, दुसरे हुसैन, तिसरे झैनुल आबिदीन, चौथे बाकिर, पाचवे जाफर सादिक, सहावे इस्माईल. आगाखानी खोजांच्या निझारी मोजणीत अली पहिले, हसन कायम इमामांच्या यादीत धरत नाहीत, हुसैन दुसरे, आणि मग पुन्हा जाफर सादिक पाचवेच येतात. आकडा एकच, कारणे वेगळी. इस्माईल दोन्हीकडे सहावे, त्यांचे पुत्र मुहम्मद सातवे. बोहरा मोजणीने पुढे गेले तर फातिमी खिलाफतीचे पहिले खलिफा महदी (इ. स. ९०९) अकरावे आणि तय्यिब एकविसावे. इस्माईलपुढचा ‘७’ खोडून ‘६’ करावा आणि शेजारी जाफर सादिक यांच्या चौकटीत ‘५ / ६’ लिहावे. छापणाऱ्याला एकाच परंपरेचा तक्ता काढायचा असेल तर त्यात काही गैर नाही, पण मग दुसऱ्या परंपरेच्या शाखेवर आकडे घालू नयेत.

हा फाटा मदिनेतला, पण त्याचा एक निवाडा मुंबईत झाला. १८६६ साली मुंबई हायकोर्टात खोजा जमातीच्या मालमत्तेचा आणि आगाखानांच्या अधिकाराचा दावा चालला, न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्यापुढे. खोजे मूळचे सुन्नी की शिया इमामी इस्माइली, हा प्रश्न होता. कोर्टाने दुसरी बाजू धरली, आणि निकालपत्रात आगाखानांचा हजरत अलींपासूनचा वंश मांडला गेला. डोंगरी-भेंडी बाजारच्या एकाच गल्लीत बोहरा, आगाखानी आणि इस्नाअशरी खोजा अशी तिघांची दुकाने असतात. त्या गल्लीत विकल्या जाणाऱ्या तक्त्याने हे आकडे चुकवू नयेत एवढी अपेक्षा रास्त आहे.

इतर मुलांबद्दल थोडक्यात. मुहम्मद दीबाज यांनी हि. स. २०० मध्ये मक्केत बंड केले, तक्त्यात ते बरोबर आहे. अली उरैझी यांच्या वंशातून हजरमौतचे बा-अलवी सय्यद आले, त्यांच्यातले ऐदरूस घराणे सुरतेत येऊन स्थिरावले. तक्त्यात उरैझींच्या खाली रेघच नाही. इसहाक यांच्या पत्नी म्हणजे वर आलेल्या सय्यिदा नफीसा, तीही जोडणी राहिली आहे.

आडनावांसाठी हा तक्ता कोणी घेत असेल तर सावध. काझमी आणि मूसवी मूसा काझिम यांच्यावरून, रिझवी त्यांचे पुत्र अली रझा यांच्यावरून, हे सरळ आहे. ‘जाफरी’ मात्र सरळ नाही : जाफर सादिक, हजरत अलींचे बंधू जाफर तय्यार आणि अकरावे इमाम हसन अस्करी यांचे बंधू जाफर, या तिघांपैकी कोणाच्याही वंशाला ते लागते. नुसत्या आडनावावरून तक्त्याच्या या चौकटीला स्वतःचे घर जोडू नये. मधली प्रत्येक पिढी घरच्या कागदांत सापडली पाहिजे.

तक्त्याच्या डाव्या कडेला एक निळी रेघ जाफर सादिक यांच्यापासून बायझीद बस्तामी यांच्याकडे जाते आणि ती बाकीच्या वंशरेघांसारखीच जाड आहे. ही नक्शबंदी सिलसिल्याची रेघ : प्रेषित, अबू बक्र, सलमान फारसी, कासिम बिन मुहम्मद, जाफर सादिक, मग बायझीद. यात कासिम पुन्हा भेटतात, आईचे वडील म्हणून आणि इथे मुर्शिद (गुरू) म्हणून. पण बायझीद यांचा जन्म जाफर सादिक यांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. सूफी परंपरा हा संबंध रूहानी मानते, समोरासमोरच्या बैअतचा (दीक्षेचा) नव्हे. नसब (वंश) आणि सिलसिला एकाच जाडीच्या रेघेने दाखवले की बायझीद वंशज वाटू लागतात. औरंगाबादच्या पाणचक्कीला, बाबा शाह मुसाफिर यांच्या नक्शबंदी दर्ग्यात जाणाऱ्यांना या सिलसिल्याचे अप्रूप असणार. त्यांनी ही रेघ तुटक करून घ्यावी.

कोपऱ्यातल्या चित्रात घुमट आहे. जाफर सादिक बकीमध्ये हसन, झैनुल आबिदीन आणि बाकिर यांच्याशेजारी दफन आहेत, आणि त्या कबरींवरचा घुमट १९२० च्या दशकात पाडला गेला. आज तिथे उघड्या जमिनीवर दगडांच्या खुणा आहेत. चित्राखाली ‘पूर्वीचे’ असे लिहिलेले नाही. झियारतीला जाणाऱ्यांची त्याने दिशाभूल होते.

कागदाचे सांगायचे तर एकाच बाजूने लॅमिनेशन असल्यामुळे पावसाळ्यात तक्ता वळतो. मागचा कागद ओल शोषून फुगतो, पुढचे प्लॅस्टिक फुगत नाही, आणि कडा पुढच्या बाजूला गुंडाळू लागतात. मुंबई-कोकणात पत्र्याची पट्टीही गंजते आणि तिचे डाग वरच्या नावांवर उतरतात. पट्टी काढून लाकडी पट्टी लावावी किंवा मागे बोर्ड देऊन फ्रेम करावी, भिंत आणि फ्रेममध्ये बूच किंवा लाकडाचे तुकडे ठेवून थोडी हवा खेळू द्यावी. फ्रेम काचेची केली तर वरच्या दुरुस्त्या आधीच करून घ्याव्यात. मॅट लॅमिनेशनवर शिसपेन्सिल पुसट उमटते, बॉलपेन ओरखडते. बारीक टोकाचा परमनंट मार्कर चालतो, पण तो चुकला तर स्पिरिटने पुसावा लागतो. विनालॅमिनेशन प्रत काही दुकानांत मागितल्यावर मिळते, थोडी स्वस्तही पडते. मदरशात किंवा इमामवाड्यात शिकवायला घेणार असाल तर तीच घ्या, उम्मे फरवांची शाखा आणि इमामतीचे आकडे पेन्सिलीने भरा, जाणत्या आलिमाकडून एकदा तपासून घ्या आणि मग लॅमिनेट करा, दोन्ही बाजूंनी.